घरच्या लेथला बॉलस्क्रू आणि स्टेपर बसवायचे आहेत: कुठून सुरुवात करू?

सप्तर्षी_नाशिक

नमस्कार मंडळी.

घराखालच्या शेडमध्ये माझा राजकोट बनावटीचा साडेचार फुटी लेथ आहे. पट्ट्यावर चालणारा, एक एचपीची थ्री फेज मोटर, घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून चालवतो. काम सगळं दुर्बिणीचं: फोकसर, कॅमेऱ्याच्या अडॅप्टर रिंगा, माउंटचे ब्लॉक. मटेरियल बहुतेक वेळा ६०६१ अ‍ॅल्युमिनियम, कधी पितळ.

अडचणी दोन. क्रॉस स्लाइडला (टूल आडवं आतबाहेर नेणारा भाग) ०.३५ मिमी बॅकलॅश आहे, म्हणजे हँडल उलटं फिरवलं की बराच वेळ काहीच हलत नाही. आणि लीडस्क्रू (आटे पाडताना टूल लांबीने सरकवणारा स्क्रू) इंची आहे, इंचाला आठ आटे. मला लागतात ४२ × ०.७५ आणि ४८ × ०.७५ चे आटे (मिमीत व्यास × पिच). त्यासाठी १२७ दातांचं गिअर हवं, ते माझ्या गिअरच्या संचात नाही.

मनात असं आहे की क्रॉस स्लाइडला १६०५ बॉलस्क्रू (नटात गोळ्या फिरणारा स्क्रू), लांबीच्या अक्षाला २००५, दोन्हीकडे स्टेपर (पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारी मोटर), आणि पूर्ण सीएनसीच, म्हणजे संगणकावर चालणारा लेथच, करून टाकायचं. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहीन तेव्हा ते नव्या रूपात चालू असावं अशी इच्छा आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सुरुवात कुठून करावी ते सांगा.

अवांतरप्रिय

वाचतोय. खुर्ची टाकून बसलो आहे.

भोसरी२६

उत्तम विषय. माझं पोटापाण्याचं काम रेट्रोफिटचं, म्हणजे जुन्या मशीनला नवे भाग बसवण्याचं आहे, त्यामुळे थेट मुद्द्याचं लिहितो.

१६०५ म्हणजे १६ मिमी व्यास, एका फेऱ्यात ५ मिमी सरक. बाजारात सहज मिळतो तो रोल केलेला, सी७ ग्रेडचा. त्याची चूक ३०० मिमीत साधारण ०.०५ मिमीपर्यंत असू शकते. सी५ घेतला तर त्याच्या निम्म्याहून कमी. रिंगांच्या कामाला सी७ पुरतो, कारण तुमच्या जॉबची लांबी १०-२० मिमीच्या पुढे जात नाही.

ताकदीचा हिशोब: २ न्यूटन-मीटरची मोटर, ५ मिमी सरक, ९० टक्के कार्यक्षमता धरली तर २२०० न्यूटनच्या वर ढकल मिळते, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क पडतो, म्हणून हातात निम्माच धरा. तरीही क्रॉस स्लाइडला नेमा २३ (मोटरचं माप) भरपूर झाली. नेमा ३४ ची गरज लांबीच्या अक्षाला, तीही जड साडल (बेडवर सरकणारा, क्रॉस स्लाइड वाहणारा भाग) असेल तर.

दोन्ही टोकांना बीके १२ आणि बीएफ १२ चे सपोर्ट. अक्षीय लोड सगळा बीके बाजूच्या बेअरिंगांनी घ्यायचा. बीएफ बाजू मोकळी ठेवायची, स्क्रू तापून लांब झाला तर तिकडे सरकायला जागा हवी. मोटरच्या बेअरिंगवर किंवा कपलिंगवर ढकल येता कामा नये. नवीन लोक चुकतात ते इथेच: स्क्रू थेट कपलिंगला अडकवतात आणि मग बॅकलॅश आहे तसाच का राहिला म्हणून विचारतात.

उद्यमनगरी

कोल्हापूरहून नमस्कार. मी लेथवर चाळीसेक वर्षं काढली. हरिहरच्या टर्नमास्टरवर हात बसला, त्यानंतर पाहिलेले लेथ मोजत नाही.

भोसरीकर सांगतात ते त्यांच्या जागी खरं आहे. पण सप्तर्षी, तुम्ही ०.३५ कुठून येतात ते पाहिलंय का? बॅकलॅश म्हणजे फक्त नट झिजला असं नाही. दोन डायल (बारीक हालचाल मोजणारी गेजं) घ्या. एक क्रॉस स्लाइडच्या पाठीला लावा, दुसरा हँडलच्या बाजूला स्क्रूच्या टोकाच्या तोंडावर. हँडल हाताने घट्ट धरून ठेवायला कुणाला तरी सांगा आणि तुम्ही स्लाइड पुढेमागे ओढा, ढकला. स्लाइडबरोबर स्क्रूचं टोकही हललं तर तो प्ले कॉलरचा. टोक जागेवर आणि स्लाइड एकटीच हलली तर तो नटाचा.

हे मोजल्याशिवाय पैसे खर्च करू नका. आणि त्याआधी गिब (स्लाइडची फट भरणारी पट्टी) काढून पुसा, त्याची पाठ बघा. तो मधेच झिजलेला असेल तर कुठलाही स्क्रू घाला, पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा काढताना) टूल नाचणारच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिल्पनिदेशक

काकांना पूर्ण अनुमोदन. आयटीआयमध्ये मुलींच्या आणि मुलांच्या दोन्ही तुकड्यांना हेच आधी करायला लावते. बेडचं चकजवळचं एक-दीड फूट सगळ्यात जास्त झिजलेलं असतं, कारण काम तिथेच होतं. पुढच्या टोकाला गिब घट्ट केला की साडल टेलस्टॉककडे जाताना जाम होते. मग लोक तो ढिला ठेवतात आणि दोष स्क्रूला देतात.

सप्तर्षीदादा, साडल चकजवळ, मधे आणि टेलस्टॉकजवळ ठेवून तिन्ही ठिकाणी उचलून बघा, डायल लावून. तिन्ही आकडे इथे टाका.

वायरमन

मी इलेक्ट्रिकल बाजूचं सांगतो, लोखंडाचं तुम्ही बघा.

व्हीएफडी आहे म्हणालात. त्याच शेडमध्ये एन्कोडर (स्पिंडलचं फिरणं पल्समध्ये मोजणारा) आणि स्टेपर ड्राइव्ह येणार असतील तर आत्ताच केबलींचा विचार करा. व्हीएफडी ते मोटर शील्डवाली केबल, शील्ड अर्थला. एन्कोडर घ्याल तो डिफरन्शियल आउटपुटचा घ्या, म्हणजे ए, बी आणि झेडच्या प्रत्येकी दोन तारा असतात तो. साधा ओपन कलेक्टरवाला स्वस्त पडतो, पण व्हीएफडीच्या शेजारी तो खोटे पल्स मोजतो आणि आटे पाडताना प्रत्येक पासला टूल वेगळ्या जागी उतरतं. हे दोष शोधायला फार वेळ जातो, कारण व्हीएफडी बंद करून चक हाताने फिरवून तपासलं की सगळं बरोबर दिसतं.

दुसरं: ड्राइव्हला वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्राइव्ह जातो. डीएम ५४२ या स्टेपर ड्राइव्हची कमाल ५० व्होल्ट लिहिलेली असते, त्याला ३६ द्या, ४८ नको. थांबताना मोटर जो विजेचा धक्का परत देते त्याला वर जागा ठेवा. आणि त्यावरचा अर्ध्या करंटचा स्विच वापरा, मोटर उभी असताना विनाकारण तापत नाही. ७० अंशांपर्यंत तापली तर घाबरायचं नाही, स्टेपर तापतोच.

चाकणचा_मायक्रॉन

एकच प्रश्न. मॅन्युअल हँडल ठेवणार की काढणार? कारण बॉलस्क्रू स्वतःला धरून ठेवत नाही. जुना ट्रॅपेझॉइडल स्क्रू घर्षणामुळे जागेवर राहतो. बॉलस्क्रूवर कटिंगचा जोर आला की स्लाइड मागे जाते आणि हँडल आपोआप फिरतं. स्टेपरला करंट असेल तोवर ठीक.

सप्तर्षी_नाशिक

@चाकणचा_मायक्रॉन: हे डोक्यात नव्हतं. हँडल ठेवायचंच होतं, झटपट फेसिंगसाठी.

@उद्यमनगरी काका: दोन डायल लावून बघितलं, बायकोने हँडल धरलं. एकूण ०.३५ पैकी ०.२२ कॉलरचे निघाले, ०.१३ नटाचे. म्हणजे अर्ध्याहून जास्त प्ले कॉलरमध्येच आहे. तिथे काय, नुसता एक ओतीव दांडा आणि त्यावर घासणारी कॉलर, मधे बेअरिंग वगैरे काही नाही.

@शिल्पनिदेशक ताई: चकजवळ ०.०४, मधे ०.०२, टेलस्टॉकजवळ ०.०१.

शिल्पनिदेशक

०.०४ या वयाच्या मशीनला वाईट नाही. स्क्रेपिंगची घाई नको. गिब मात्र नीट बसवून घ्या.

उद्यमनगरी

बघा, अर्ध्याहून जास्त रोग कॉलरचा निघाला. तिथे थ्रस्ट नीडल बेअरिंग घाला. स्क्रू बारा मिमीचा असेल तर एएक्सके १२२६, जाडी २ मिमी, दोन्ही बाजूंना एकेक मिमीचे कडक वॉशर. कॉलरच्या दोन्ही अंगांना एकेक संच, मागून नट आणि लॉकनट. एवढी जागा बहुतेक मशीनमध्ये निघते, नाही निघाली तर ब्रॅकेटचं तोंड थोडं फेस करून घ्या. मग नट गनमेटलचा नवा करा, मधोमध चिरून दोन भागांचा, अ‍ॅडजस्टिंग स्क्रूवाला. ०.०३ च्या आत येईल. माझ्या हाताखालची कितीतरी मशीनं अशीच चालतात.

भोसरी२६

काका, आदर ठेवून असहमत. गनमेटलचा नट आज ०.०३ देईल, पण सीएनसीवर तोच नट दिवसाला हजार वेळा दिशा बदलतो, पुन्हा ढिला पडतो. सॉफ्टवेअरमधली बॅकलॅशची भरपाई ही पळवाट आहे. कंपनात स्लाइड त्या फटीत हवी तशी हलते, भरपाईला त्याचा पत्ता नसतो. बॉल नटाला किंचित मोठ्या गोळ्या घालून प्रीलोड करता येतो, किंवा डबल नट घेता येतो. सीएनसी करायचं असेल तर बॉलस्क्रूला पर्याय नाही.

उद्यमनगरी

सीएनसी करायचं असेल तर. ते करायचं आहे का, हा माझा प्रश्न आहे.

गॅरेजवाला_सांगली

थोडं अवांतर. बॉल नट बघायचा असेल तर ट्रकच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये बघा. वर्मवर नट, मधे गोळ्या, गोळ्या परत आणायला नळी. तत्त्व अगदी तेच. अमेरिकन गाड्यांत हे १९४० च्या सुमाराला आलं, मशीन टूलमध्ये मागाहून. आमच्याकडे असे बॉक्स रोज उघडतात, म्हणून एक कळकळीची सूचना: बॉल नट स्क्रूवरून कधीही नुसता काढायचा नाही. गोळ्या खाली पडतात, चिप्सच्या ट्रेमध्ये गेल्या की सापडत नाहीत. एखादी जरी कमी पडली किंवा वेगळ्या मापाची घातली तरी नट खरखरतो.

काढायचाच असेल तर स्क्रूच्या तळाच्या व्यासापेक्षा किंचित कमी मापाचा एक पाइपचा तुकडा वळवून घ्या, स्क्रूच्या टोकाला टेकवा आणि नट त्यावर सरकवून घ्या. गोळ्या आतच राहतात. पाइपला दोन्हीकडून रबर बँड लावा.

अवांतरप्रिय

सांगलीकरांनी ट्रक थेट शेडमध्ये आणला. आता धाग्याला ऑइल चेंजही करून द्या.

चाकणचा_मायक्रॉन

नटावरून मापाचा मुद्दा. १६०५ च्या नटाचं अंग २८ मिमी, फ्लँज ४८. सप्तर्षी, क्रॉस स्लाइड आणि साडलच्या मधे उभी जागा किती आहे?

सप्तर्षी_नाशिक

२६ मिमी, तीही जिथे जास्त आहे तिथे.

चाकणचा_मायक्रॉन

मग १६०५ बसत नाही, विषय संपला. साडल खोदून जागा करू नका. साडलचा पूल तिथेच सगळ्यात पातळ असतो, तेवढंच ओतीव लोखंड टूलचा जोर झेलतं. ते पातळ झालं की पार्टिंगला सगळं थरथरणार.

मार्ग तीन. १२०४ घ्या, त्याचं अंग २४ मिमी. फ्लँज मात्र ४० ची, ती वरखाली कापून मिळते किंवा कापून घ्यावी लागते, आणि ती कडक असते म्हणून ग्राइंडिंगनेच. दुसरा मार्ग, स्लाइडखाली पट्टी घालून ती वर उचलणं, पण मग चकमधला स्विंग आणि टूलची उंची दोन्ही बिघडतात. तिसरा मला सगळ्यात आवडतो: नट साडलच्या मागच्या बाजूला, बाहेर ब्रॅकेटमध्ये पक्का करायचा आणि स्क्रू स्लाइडबरोबर हलू द्यायचा. खालच्या फटीत मग फक्त १२ मिमीचा स्क्रू राहतो. मोटर आणि बेअरिंग स्लाइडला पुढून लटकतात. चिप्स मागे कमी जातात, नटावर झाकण घालता येतं. स्लाइडवर वजन वाढतं एवढाच तोटा.

कॉव्हेंट्रीकर

इकडे इंग्लंडमध्ये घरोघरी शेडमध्ये लेथ असतात, त्यातले बरेच मायफर्ड. माझ्याकडे एमएल७ आहे, लीडस्क्रू तुमच्यासारखाच, इंचाला आठ आटे. इकडच्या लोकांना मेट्रिक आट्यांचा हाच त्रास.

मी काय केलं ते लिहितो. सीएनसी केलंच नाही. लीडस्क्रूला एक क्लोज्ड लूप स्टेपर लावला, स्पिंडलला एन्कोडर, मधे एक छोटा बोर्ड. याला इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू म्हणतात. चेंज गिअरची सगळी रांग काढून टाकली. बोर्डला सांगायचं ०.७५, तो स्पिंडलच्या एन्कोडरचे पल्स मोजतो आणि स्टेपरला तेवढंच फिरवतो.

तुमच्या आकड्यांत: आठ आट्यांचा लीडस्क्रू म्हणजे ३.१७५ मिमी पिच. ०.७५ भागिले ३.१७५ म्हणजे नेमका ३० छेद १२७. म्हणूनच १२७ दातांचं गिअर लागतं. बोर्डला हा अपूर्णांक पूर्णांकातच ठेवता येतो, म्हणजे लांब आट्यातही चूक साचत नाही. हँडलं, हाफ नट (साडल लीडस्क्रूला जोडणारा, उघडता येणारा नट), एप्रन (साडलचा पुढचा डबा) सगळं जसंच्या तसं राहतं.

एक नियम पाळायचा: इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट मधे उघडायचा नाही. पास संपला की टूल मागे घ्यायचं आणि स्पिंडल उलटा फिरवून परत यायचं.

भोसरी२६

हे मान्य, उत्तम उपाय आहे. पण सप्तर्षींचे आटे कुठे आहेत ते विचारा. अडॅप्टर रिंगमध्ये आतले आटे, आणि तेही आत एका पायरीपर्यंत. इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रूवर तिथे नेमकं थांबायचं काम तुमच्या हाताचं. चक २०० आरपीएमवर फिरतोय, एका सेकंदात तीनाहून जास्त फेरे, म्हणजे अडीच मिमी सरक. पायरीवर टूल आपटलं की टूल, जॉब आणि मूड तिन्ही गेले.

पूर्ण सीएनसीवर लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरचा जी ७६ (आटे पाडण्याचा आदेश) आहे. सुरुवात, शेवट, खोली सांगा, प्रत्येक पास तो हजाराव्या वेळीही त्याच जागी थांबतो आणि टूल बाहेर काढतो. त्याला स्पिंडलवर इंडेक्सवाला एन्कोडर पाहिजे, एकास एक पट्ट्याने जोडलेला. कंट्रोलरला मेसाचं इथरनेट कार्ड आणि साधा पीसी. ग्रबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ आवृत्तीत स्पिंडलशी जोडलेले आटे नाहीत, ते पाहूनच बोर्ड घ्या. ग्रबल-हॅलमध्ये काही बोर्डांवर आहेत.

शिल्पनिदेशक

पायरीपर्यंतच्या आतल्या आट्यांसाठी जुनी युक्ती आहे, त्याला सीएनसी लागत नाही. आधी पायरीजवळ आट्याच्या खोलीइतका खाचा घ्यायचा, पिचच्या दोन-अडीच पट रुंद. मग बोअरिंग बार उलटा लावायचा, टूलचं तोंड खाली आणि अलीकडच्या भिंतीवर, स्पिंडल उलटा. टूल खाचेत ठेवून सुरू करायचं आणि आतून बाहेर यायचं. आपटायला पुढे काही उरतच नाही. व्हीएफडी असल्यामुळे स्पिंडल उलटा करणं एका बटणाचं काम.

फक्त चक स्पिंडलवर आट्याने बसलेला असेल तर उलट्या फिरण्याने तो सुटू शकतो. तुमचा फ्लँजचा आहे की आट्याचा?

सप्तर्षी_नाशिक

आट्याचा आहे.

शिल्पनिदेशक

मग उलट्या फिरण्यासाठी चकला लॉक हवा. बॅकप्लेटला मागून दोन क्लॅम्प, स्पिंडलच्या कॉलरला धरणारे. ते नसताना उलटं चालवू नका, अगदी हलक्या कटलाही नाही. चक सुटून बेडवर पडलेला मी पाहिला आहे.

वायरमन

आणि काहीही करा, इमर्जन्सी स्टॉप असा जोडा की व्हीएफडी आणि स्टेपर दोन्ही एकदम मरतील. नुसता स्टेपर थांबला आणि चक फिरत राहिला तर आट्यात टूल अडकतं. बटण चकच्या पलीकडे नको, टेलस्टॉकच्या बाजूला, जिथे हात चकवरून न नेता पोचेल. आमच्या भागात उन्हाळ्यात वीज मधेच जाते. कटमध्ये असताना गेली तर स्टेपर सैल होतो पण चक जडत्वाने थोडा फिरतो. जाताना टूल आधी मागे घ्यायची सवय लावा, वीज परत आल्यावर होम केल्याशिवाय (टूल मूळ जागी नेल्याशिवाय) सुरू करायचं नाही.

जाडभिंग

मी दुर्बिणींचा माणूस, मशीनमधलं फार कळत नाही, पण एक सांगणं गरजेचं वाटलं. ४२ मिमीचे आटे दोन प्रकारचे असतात. दुर्बिणीच्या टी अडॅप्टरला ४२ × ०.७५. जुन्या स्क्रूवाल्या कॅमेरा लेन्सना ४२ × १. दिसायला सारखेच. एक दुसऱ्यात दीडेक फेरा जातो आणि मग घट्ट होतो. जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे फाटतात. रिंग देणारा गिऱ्हाईक ‘४२ ची पाहिजे’ एवढंच म्हणतो. त्याच्याकडून समोरचा भाग मागवून घ्यायचा, पिच गेज लावायचं, मगच जॉब चकमध्ये.

उद्यमनगरी

जाडभिंग, ही फार उपयोगी गोष्ट सांगितलीत. सप्तर्षी, ०.७५ ला आतल्या आट्याचं बोअर ४१.२ घ्या. बाहेरच्या आट्याची खोली एका बाजूला ०.४६. टूल एचएसएसचं, ताजं घासलेलं, तोंडाला थोडं रॉकेल लावत राहा. अ‍ॅल्युमिनियम टूलला चिकटलं की आट्याची कड फाटते, मग कितीही चांगला स्क्रू असू दे.

अवांतरप्रिय

बॉलस्क्रूवरून सुरू झालेला धागा रॉकेलवर पोचला. तरी मूळ प्रश्न: सप्तर्षींनी सुरुवात कुठून करावी?

भोसरी२६

बरोबर, परत येऊ. सगळं वाचून मी माझं मत थोडं बदलतो. ही रोज पन्नास रिंगा काढणारी शेड नाही. प्रत्येक रिंग वेगळी, एखाद-दुसरी. त्याला प्रोग्राम लिहीत बसण्यापेक्षा हँडल जलद. आट्यांची अडचण कॉव्हेंट्रीकरांच्या मार्गाने सुटते. बॅकलॅशपैकी मोठा हिस्सा काकांच्या थ्रस्ट बेअरिंगने. लांबीच्या अक्षाला २००५ लावायचा म्हटलं तर एप्रन काढावं लागेल, हाफ नट जाईल, आणि चालू मशीन महिनोन्‌महिने उघडं पडेल. बॉलस्क्रू विकत घ्यायचा तो फक्त क्रॉस स्लाइडसाठी, तोही १२०४, मायक्रॉन म्हणतात तसा मागून. आणि तो शेवटी.

मात्र तो घ्याल तेव्हा टोकं करून मागवा. स्क्रूचा वरचा थर ६० रॉकवेलच्या आसपास कडक असतो, एचएसएस टूल त्यावर नुसतं घासतं. बीके १० च्या ड्रॉइंगप्रमाणे टोकं करून देणारे आहेत. बीके ब्लॉक आला की आधी उघडून आतली बेअरिंग बघा. काही स्वस्त ब्लॉकमध्ये अँग्युलर कॉन्टॅक्टच्या जागी साधी डीप ग्रूव्ह घातलेली निघतात, त्यात अक्षीय प्ले राहतो. बीके १० ला ७००० मालिकेची जोडी, पाठीला पाठ लावून.

चाकणचा_मायक्रॉन

बसवतानाची रीत लिहून ठेवतो, नंतर कामाला येईल.

स्क्रू स्लाइडच्या मार्गाला समांतर हवा, आडवा आणि उभा दोन्ही. डायल बेसवर ठेवून स्क्रूच्या वरच्या कडेवरून आणि बाजूने चालवा. मग नटाच्या ब्रॅकेटचे बोल्ट नुसते टेकवून ठेवा, घट्ट नको. स्लाइड बेअरिंगच्या बाजूला अगदी टोकाला आणा. तिथे नट बेअरिंगच्या सगळ्यात जवळ असतो, तो स्वतःहून जागा शोधतो, त्याच जागी बोल्ट घट्ट करा. मग स्लाइड पूर्ण पलीकडे नेऊन परत आणा. बोटांनी स्क्रू फिरवताना सगळीकडे सारखाच हलका लागला पाहिजे. एका टोकाला जड लागला तर ब्रॅकेटखाली शिम (पातळ पत्रा) घाला. तासून बसवलेला ब्रॅकेट आणि शिम यात लाज कसलीच नाही, चांगल्या मशीनमध्येही शिम असतात.

कपलिंग चिरांचं स्प्रिंगसारखं नको, ते पिळतं. डिस्कचं घ्या, किंवा सरळ टायमिंग बेल्ट. बेल्टने मोटर बाजूला दुमडता येते आणि एकास दोन केलं तर टॉर्कही दुप्पट.

कॉव्हेंट्रीकर

मायक्रोस्टेपबद्दल राहिलं. १६०० स्टेप आणि ४ मिमी सरक म्हणजे एक स्टेप अडीच मायक्रॉन. कागदावर. लोड आल्यावर स्टेपर तेवढ्या बारकाईने थांबत नाही, आणि क्रॉस स्लाइडची चूक व्यासात दुप्पट दिसते. आकडा बघून हुरळून जाऊ नये, जॉब वळवून मायक्रोमीटर लावावा.

सप्तर्षी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या लोकांनी वेळ काढून लिहिलं, माझा पूर्ण आराखडा बदलला आणि तो बदलला याचा आनंद आहे.

थ्रस्ट नीडल बेअरिंग बसवली. ब्रॅकेटचं तोंड दीड मिमी फेस करावं लागलं. एकूण बॅकलॅश आता ०.१४, म्हणजे जवळपास सगळा नटाचा. गिब ताई म्हणाल्या तसा पुसून, निळा रंग लावून बघितला. मधे पट्टा लागत नव्हता, तेवढा स्क्रेप केला. गनमेटलचा तुकडा आणला आहे, काकांच्या पद्धतीचा चिरलेला नट करतोय. बॉलस्क्रू सध्या नाही.

लीडस्क्रूला क्लोज्ड लूप स्टेपर, स्पिंडलला १००० लाइनचा डिफरन्शियल एन्कोडर, म्हणजे फेऱ्याला ४००० पल्स. वायरमनच्या सांगण्याप्रमाणे व्हीएफडीची केबल शेडच्या दुसऱ्या भिंतीवरून नेली. पहिले आटे बाहेरचे पाडले, ४२ × ०.७५. जाडभिंग यांच्या सूचनेनुसार कॅमेऱ्याची टी रिंग हातात ठेवूनच काम केलं. ती पहिल्या फेऱ्यापासून शेवटपर्यंत सारख्या हाताने गेली.

आता आतले आटे. त्याआधी चकचा लॉक करायचा आहे. ताई, क्लॅम्प किती जाडीचे घेऊ?

शिल्पनिदेशक

अभिनंदन दादा! बॅकप्लेटचा मागचा भाग आणि स्पिंडलची कॉलर यांचा फोटो टाका, माप बघून सांगते. अंदाजाने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. तोपर्यंत सुलट्या फिरण्यावरच आटे पाडा, खाचा रुंद घ्या आणि स्पिंडल ६०-७० आरपीएमवर ठेवा. त्या वेगाला हाताने टूल मागे घ्यायला पुरेसा वेळ मिळतो.

वायरमन

६०-७० ला व्हीएफडीवर मोटर फार हळू फिरवू नका, तिचा पंखाही हळू होतो आणि ती तापते. पट्टा खालच्या पुलीवर घ्या आणि मोटर तिच्या नेहमीच्या वेगाजवळ ठेवा.

उद्यमनगरी

नट करताना आधी पूर्ण आटे पाडा, मग चिरा. आधी चिरलात तर टॅप दोन्ही अर्ध्यांत वेगळा बसेल. टॅप डावा आहे ना ते पण बघा, क्रॉस स्लाइडचा स्क्रू बहुतेक मशीनला डावाच असतो.

सप्तर्षी_नाशिक

डावाच आहे काका. टॅप मिळाला नाही, म्हणून एकेरी टूलने आतून पाडतोय. फोटो रात्री टाकतो, ताई.